काचेत अडकलेली हाक

आत्याच्या कारखान्यात एकच नियम होता, आणि तो मोडणाऱ्याची ती अजिबात गय करत नसे. नळी ओठाला लागली की बोलायचं नाही! लोखंडी नळीच्या एका टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, दुसऱ्या टोकाने फुंकायचं आणि चकार शब्द काढायचा नाही. इतर ठिकाणची काच नुसता श्वास घेते. इथली मेली आवाजही घ्यायची.

भुंगी आत्याची भाची. शाळा सुटली की इथेच पडीक. आवाज असा जाडाभरडा, की ती कविता म्हणायला उभी राहिली की मागच्या बाकांवरची मुलं आधीच तोंडात रुमाल कोंबून बसायची. तिची जिवाभावाची मैत्रीण बुलबुल मात्र कमालीच्या गोड गळ्याची. भुंगीला तिचा हेवा वाटायचा, आणि हेवा वाटतो म्हणून लाजही वाटायची.

त्या दुपारी बुलबुल पहिल्यांदाच नळी फुंकत होती. गोळा छान फुगत होता. एवढ्यात भट्टीतून ठिणगी उडाली आणि भुंगीच्या फ्रॉकचा घेर पेटला. भुंगीची पाठ भट्टीकडे, तिला पत्ताच नाही.

"भुंगे, आग!"

हाक आली ती बुलबुलच्या तोंडून नाही, काचेच्या आतून. आत्याने धावत येऊन बादली उपडी केली. आग विझली, भुंगी नखशिखान्त भिजली, आणि बुलबुल आ वासून उभी राहिली. ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता.

बुलबुलने नियम मोडला होता तो भुंगीला वाचवायला.

"हिचे बाबा कधी येणार?" आत्याने विचारलं. आत्या नेहमी कुजबुजतच बोलायची.

"येतीलच आता न्यायला."

बुलबुलच्या बाबांना दिसत नव्हतं. लेक त्यांना आवाजानेच ठाऊक होती. आवाज गेला म्हणजे त्यांच्यापुरती लेकच गेली. बुलबुलला हे सांगावं लागलं नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

आत्याने काचेचा फुगा नळीवरून अलगद सोडवून वाळूवर ठेवला. ओला वारा दारातून आत शिरत होता. टिक. फुग्यावर केसाएवढी चीर उमटली.

"तडा चाललाय," आत्या म्हणाली. "पूर्ण फुटला की आवाज हवेत जाईल, मग कुणाच्या बापाला सापडायचा नाही. हिला स्वतःचा आवाज स्वतः उचलता येत नाही. दुसऱ्या कुणी तरी तो आत ओढून घ्यायचा आणि नळीतून हिला द्यायचा."

"मग घे ना तू!"

"माझ्याकडे स्वतःचा असता तर घेतला असता. आवाजाला आवाजच वाहून नेतो. माझा मी केव्हाच देऊन बसले." कुणाला, ते तिने सांगितलं नाही. "पण ऐक. देताना तुझं काय आणि तिचं काय, हे निवडता येत नाही. तुझाही जाईल. आणि आत घेतल्यावर एक शब्द जरी बोललीस, तर तिचा आवाज तुलाच चिकटेल. कायमचा."

टिक. टिक. चीर फुग्याला अर्धा वळसा घालून गेली.

भुंगीने फुगा उचलला. तळवे भाजले, तरी सोडला नाही. फुग्याची मान मोडली, तिथे ओठ टेकवले आणि जीव खाऊन श्वास ओढला. काचेचे हातात तुकडे झाले, पण तोवर काही तरी गार, निर्मळ तिच्या घशातून खाली उतरलं होतं.

तेवढ्यात दारात काठी वाजली.

"बुलबुल? कुठे आहेस बाळा?"

बाबा उंबऱ्यावर थांबले. "अगं, आहेस ना? घाबरवू नकोस मला."

भुंगीच्या जिभेच्या टोकावर उत्तर येऊन बसलं. 'आले बाबा,' एवढंच. त्यांचा जीव भांड्यात पडला असता. आणि हा गळा जन्मभर तिचा झाला असता. वर्गात उभी राहिली असती, नि रुमाल जागच्या जागी राहिले असते. फार फार मोह झाला तिला, खोटं कशाला बोला! तिने दात ओठांत रुतवले. रक्ताची चव आली.

आत्याने गार नळी पुढे केली. एका टोकाला भुंगी, दुसऱ्याला बुलबुल. भुंगीने डोळे मिटले आणि फुंकलं. आधी ते गार, निर्मळ गेलं. मग त्याच्यामागून तिचं स्वतःचं, खरखरीत, ओळखीचं निघालं. त्याला थांबवणं तिच्या हातात नव्हतं. गळा रिकामा होत चालला आणि तिला रडू फुटलं, तरी ती फुंकत राहिली.

बुलबुलला कळलं. तिने डोळे वटारले, नळी घट्ट धरली आणि उलटी फुंकली. आलेलं परत ढकललं तिने, हाताला लागेल तेवढं, न बघता, न मोजता. नळी मध्येच थरथरली आणि दोघींच्या ओठांवरून निसटून खणकन खाली पडली.

"काय चाललंय इथे?" बाबांचा आवाज कापत होता.

बुलबुलने भुंगीकडे पाहिलं. मग धावत जाऊन तिने बाबांचा हात धरला.

"बाबा, मी इथेच आहे."

बाबांनी कान टवकारले. क्षणभर त्यांचा चेहरा गोंधळला, मग हसू पसरलं.

"दोघी एकदम नका गं बोलू," ते म्हणाले. "एकेकीने सांगा."

भुंगीने अजून तोंडही उघडलं नव्हतं.