दुखणं मोजणारे सहा चेहरे

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. कर्करोगाच्या दवाखान्यात, सिस्टरांच्या टेबलामागे टांगलेला. माझ्यावर सहा चेहरे आहेत. पहिला हसरा, पुढची तोंडं उतरत जातात आणि सहावा ढसाढसा रडतो. "किती दुखतंय?" असं विचारलं की माणूस एका चेहऱ्यावर बोट ठेवतो आणि सिस्टर आकडा लिहून घेतात.

नवा होतो तेव्हा माझा तोरा काय सांगू! "वाचता न येणाऱ्यालाही हे जमेल," असं डॉक्टर म्हणाले होते. माझ्यावाचून त्या खोलीतलं पान हलत नसे.

मग छकुली आली. वय बेचाळीस, समज मात्र लहान मुलीची, म्हणून लाडाचं नाव तसंच राहिलेलं. तिच्या छातीत गाठ होती. धाकटी बहीण तिला घेऊन यायची. छकुली दर वेळी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायची. "गुणाची गं माझी बाई!" म्हणत सिस्टर शून्य लिहायच्या. असं दोन महिने चाललं. मीही खूश होतो, याची आज मला लाज वाटते.

एके दिवशी बहीण म्हणाली, "सिस्टर, ही हल्ली आडवीच होत नाही. बसल्या बसल्या डुलक्या काढते. हिला दुखतंय हो!"

"अहो, पण ती तर हसरा चेहरा दाखवते."

बहिणीने छकुलीला जवळ घेतलं. "ताई, रडका का नाही दाखवत गं?"

छकुली हळूच म्हणाली, "रडका दाखवला की सुई टोचतात. मागे इथे एका आजोबांना टोचली. मी बघितलं."

सिस्टर पेन ठेवून तिच्यासमोर बसल्या. मग दोन्ही हात पुढे करून म्हणाल्या, "सुई नाही. गोड औषध देते, चमच्याने. बघ, आहे का हातात काही?"

छकुलीने त्यांचे हात उलटेपालटे करून पाहिले. खिसेही चाचपले. मग सहाव्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि रडू लागली.

तपासणीत कळलं, रोग हाडांत उतरला होता. "आधी कळलं असतं तर..." एवढंच बोलून डॉक्टर कागद चाळत राहिले.

हल्ली अशा रुग्णांच्या घरच्यांना सिस्टर आधी विचारतात, झोप कशी आहे, जेवण कसं आहे, दुखलं की हा काय करतो. मला दाराआड हलवलं आहे. त्याचं मला दुःख नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या डॉक्टर व्हाल, कुणी सिस्टर. माझं एकच मागणं आहे. समोरचं माणूस हसलं म्हणून शून्य लिहून मोकळे होऊ नका. त्याला कशाची भीती वाटते, ते आधी विचारा.