रोशाची डेग आणि कण्हेरीचे बंध

मी एक जुनी तांब्याची डेग, म्हणजे तेल काढायचे मोठे भांडे आहे. जुनी म्हणा, चालेल. भंगार म्हणाल तर मला राग येतो. खामगावच्या तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले आणि रोहिणखेडजवळच्या उकंडरावांनी बैलगाडीतून घरी आणले. मित्रांनो, तेव्हा आपले वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले होते.

दसरा झाला की डोंगरउतारावर रोशा गवत फुललेले असे. मग मला नाल्याकाठी भट्टीवर चढवत. पोटात गवत आणि पाणी, झाकणाला ओल्या मातीचा लेप, खाली जाळ. नळीतून वाफ निघे, थंड होई आणि पाण्यावर सुगंधी तेल तरंगे. गावकरी माझीच तारीफ करत आणि मी फुगून जाई! खरे तर माझ्यात जे घालाल ते मी उकळते. पारख करायच्या त्या उकंडरावांच्या पत्नी, मनकर्णाबाई. पाते तळहातावर चुरगळून, हुंगून, मगच त्या आत टाकत.

एका वर्षी त्यांची लेक पुष्पा बाळंतपणाला माहेरी आली. बाळ झाले, पण तिची कंबर फार दुखे. तिळाच्या तेलात मिसळायला रोशाचे तेल हवे होते, म्हणून सगळ्यांची घाई. नव्याने कामाला लागलेल्या निवृत्तीने भराभर पेंढ्या बांधल्या आणि उकंडरावांनी त्या न सोडताच माझ्यात कोंबल्या. जाळ लागला. तेवढ्यात उरलेली पेंढी उचलताना मनकर्णाबाईंच्या बोटांना चीक लागला.

"हा बंध कायचा रे, निवृत्ती?"

"गवताचे बंध तुटून राह्यले होते, काकू. म्हून नाल्यातल्या फांद्या घेतल्या."

"अरे, हे त कन्हेर हाय! जहर! जाळ ओढा अगुदर!"

"काऊन वं? चार काड्यांनं काय होते?" उकंडराव चिडले. "पोरगी तिकडे तळमळून राह्यली."

"तिच्याच अंगाले लावाचं हाय न थे? मंग?"

उकंडराव तसेच भट्टीकडे वळले. त्यांनी जाळ ओढला, लेप फोडला. बैलांचे तोंड लागू नये म्हणून सगळे गवत खोल पुरले आणि मला चिंच लावून घासले. भरलेले पोट असे रिकामे झाले की वाईट वाटतेच, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी निवृत्तीने पेंढ्या गवतानेच बांधल्या. उकंडरावांनी स्वतः एकेक सोडली, हुंगली, मगच मला दिली. तेल निघाले. मनकर्णाबाईंनी ते तिळाच्या तेलात मिसळून आधी आपल्या मनगटाला लावून पाहिले, मग लेकीला लावले. सव्वा महिना झाल्यावर पुष्पा बाळाला कडेवर घेऊन भट्टीपाशी आली, तेव्हा मला फार आनंद झाला.

आता भट्टी थंड आहे आणि मी कोपऱ्यात काळी पडले आहे. मला घासायला विसरलात तरी मी रुसणार नाही. पण ओळख पटल्याशिवाय एकही पान भांड्यात टाकू नका. त्या भांड्यातल्या तेलाची वाट कोणाची तरी लेक पाहत असते.