अळणी आमटी

रखमानं आमटीचं टोप खोलीच्या मधोमध ठेवलं आणि मोरीपाशी जाऊन उभी राहिली. करी रोडच्या त्या खोलीत एकाच गावचे गडी राहायचे, सगळे गिरणीतले. बाईमाणसानं तिथं राहायचं नाही, हा नियमच. पण खानावळवाली कमळाबाई गावी निघून गेली, म्हणून खोलीचे कारभारी कुशाबा म्हणाले होते, "धोंडूच्या बायकोला आज रांधू दे. चव जमली तर राहील पडदा लावून. नाय तर उद्याची बोट."

रखमा गाव सोडून मुंबईला आली याचा राग होताच त्यांना. "खाडीचा बांध फुटला म्हणून कोण गाव सोडतं? माझ्या बापानं कितीदा लिंपला!"

रघुनं पहिला घास घेतला. "वहिनी, मिठाला रेशन लागलं काय गो?"

सगळे खो खो हसले. धोंडूनं भात चाखला, आमटी चाखली आणि मान खाली घातली. दोन्ही अळणी. सगळंच मुसळ केरात.

रखमानं वळून पाहिलं. मिठाची बरणी स्टोव्हशेजारीच होती. तिनं उघडलीच नव्हती.

"सवय सुटली, भावोजी."

"म्हणजे?" कुशाबांनी विचारलं.

"बांध फुटला तशी खाडी शेतात शिरली, ती शिरलीच. विहिरीतपण उतरली. त्याच पाण्यात भात शिजतो. वर मीठ घातलं तर तोंडात धरवत नाय."

रघुनं हातातला घास ताटात ठेवला.

"पोरंपण तेच पितात?" त्यानं विचारलं.

"दुसरं काय पितील? भाताचं रोप वीतभर होतं नि करपतं."

"मग कोण लिंपत का नाय बांध?" कुशाबा म्हणाले.

आता मात्र रखमा उसळली. "कोण लिंपणार, काका? म्हातारी नि बाया? लिंपणारे हात सगळे हितं जेवायला बसलेत!"

धोंडूनं डोळे मिटले. झालं, उद्याची बोट.

कुशाबांनी बरणी ओढली, चिमूटभर मीठ कालवलं आणि ताट संपवलं. हात धुऊन आले तेव्हा म्हणाले, "रघु, मोरीजवळ दोरी बांध. पडदा लागेल."

"आणि गावचा बांध?" रखमा हटेना.

"उद्या शिवाजी पार्कला संयुक्त महाराष्ट्राची सभा. खाडीकाठच्या सगळ्या गावांची माणसं येतात. सभा सुटली की गाठू एकेकाला. शिमग्याला रजा काढून सगळे गेलो, तर उभा राहतो बांध."

"आणि कुठं फुटलाय ते कोण सांगणार त्यांना?" रखमानं विचारलं.

कुशाबा रघुकडे बघायला लागले, रघु धोंडूकडे.

"मी येते," रखमा म्हणाली.

"पायी जायचंय हां," कुशाबांनी बजावलं.

"मग काय, पालखी मागवणार होतात?"

पहिले हसले ते कुशाबाच.