रजेत न बसलेलं बाळंतपण

अरशद सौदीतल्या दम्मामहून रजेवर आला तेव्हा हाजराला नववा महिना नुकताच लागला होता. आल्या आल्या त्याने अकिकेसाठी, म्हणजे बाळाच्या जावळाच्या जेवणासाठी, बोकड ठरवले, व्हिडिओवाला ठरवला, पाहुण्यांना आवतणं दिली. फक्त मूल जन्मायचं बाकी होतं. तेही रजेतच उरकावं म्हणून तो बायकोला रत्नागिरीत डॉक्टर साळवीबाईंकडे घेऊन आला.

हाजराला दिवस गेल्यापासून साखर होती. आधीचं मूल पोटातच गेलं होतं. या खेपेला सोनोग्राफीत बाळाचं वजन भरपूर दिसत होतं आणि ते जणू आपणच वाढवलं अशा ऐटीत अरशद बसला होता.

"एवढं दांडगं पोर. उद्याच सिझर करा."

"साखरेमुळे बाळ अंगाने फुगतं, फुप्फुसं मात्र मागे राहतात," बाई म्हणाल्या. "आधी तपासू."

त्यांनी हाजराच्या पोटातून सुईने बाळाभोवतीचं थोडं पाणी काढलं, नळीत स्पिरिट मिसळून हलवलं. फुप्फुसं तयार असली तर वर बुडबुड्यांचं कडं टिकतं. इथे बुडबुडे आले आणि बघता बघता विरले.

"आत्ता काढलं तर श्वास घेता येणार नाही. थांबू. थांबण्यातही धोका आहे, म्हणून हिला इथेच ठेवते."

"बाई, जरा जोरात हलवून बघा ना," अरशद म्हणाला.

हाजराने मान फिरवली. परदेशात मोठमोठी यंत्रं चालवतो म्हणून गावभर सांगत फिरणारा तो हाच.

संध्याकाळी तो वॉर्डात आला. "कोल्हापुरात एक डॉक्टर आहे. असली थेरं करत नाही. सकाळी गाडी येईल."

"गाडीत तुम्ही बसा," हाजरा म्हणाली, "आणि तुमचं पोट फाडून घ्या. मी इथून हलणार नाही."

"लोकांना काय सांगू?"

"सांगा, पोराला तुमच्या रजेचं कुणी कळवलं नव्हतं."

शेजारच्या खाटेवरची बाई पदर तोंडाला लावून हसली. अरशद तणतणत गेला तो विमानात बसेपर्यंत फिरकला नाही.

त्यानंतरचे दिवस हाजरा पोटावर हात ठेवून पडून राही. बाळ जरा वेळ हललं नाही की नर्सला हाक मारी. शेवटी बाईंनी पुन्हा पाणी तपासलं. या वेळी कडं टिकलं. त्याच दुपारी सिझर झालं आणि मुलगी टाहो फोडून रडली.

दुसऱ्या दिवशी बहीण अलफिया सांगत आली, "दम्मामहून दुलाभाईंचा फोन आलाय."

"झोपलेय म्हणून सांग," हाजरा म्हणाली आणि लेकीला छातीशी घेतलं.