पितांबराची रेघ

रेघ फार सरळ होती. नूतनने पिस्तुलाचं मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायचा तो पोलादी डबा, भिंगाखाली हळूहळू फिरवलं. खाली निळसर काळा रंग, वर उघडं करडं पोलाद आणि दोहोंच्या मध्ये केसाइतकी बारीक, जराही न हललेली सीमा.

"शंभर वर्षांपूर्वीचं वाटतंय ना?" नितेशने विचारलं. तो सकाळीच पेणहून रोह्याला बहिणीकडे आला होता. "उद्या वडखळला गिऱ्हाईक येतंय. जुनी मॅगझिनं जमवणारा माणूस हाय. शिक्का बघतो, तळाची पिन बघतो. ते सगळं मी केलंय. तू कंपनीत पोलाद तपासतेस, म्हणून म्हटलं तुला दाखवावं."

नूतनने मॅगझिन पुन्हा उजेडात धरलं. त्या काळी पत्रा वाकवून असे डबे करत, सबंध निळे करत आणि मग तोंडाकडचा भाग कडक व्हावा म्हणून तेवढाच वितळलेल्या क्षारात बुडवत. तिथला निळा रंग उडून जाई. पण उष्णता रेघ आखत नाही. ती पोलादात पसरत जाते आणि रंग पुसट होत होत संपतो.

ही रेघ भट्टीची नव्हती. तिच्या ओळखीची होती. गणपतीच्या मूर्तीवर, पितांबराच्या काठावर श्वास रोखून ब्रश ओढायला बाबांनी दोघांनाही शिकवलं होतं. नितेशचा हात तिच्यापेक्षा चांगला निघाला.

"सांग गो ताई. काय चुकलंय का?"

"चुकलंय."

"कुठं? उद्यापर्यंत नीट करतो."

तिने भिंग खाली ठेवलं. 'रेघ पुसट कर' एवढं एक वाक्य पुरेसं होतं. मग ते नकली आहे हे कुणालाच ओळखता आलं नसतं.

"बाबांच्या कारखान्यात यंदा मूर्तींचं काम कुठवर आलंय?"

"होईल गो. गणपती वर्षातनं एकदा येतो, हे बारा महिने चालतंय." तो हसला. "आई रोज विचारते, नूतन कारखान्यात कधी येतेय. मी सांगतो, ताई 'बघू' म्हणते. बाबा गेल्यापासनं बघतेच हाय."

नूतनने मॅगझिन रुमालात गुंडाळलं आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं.

"अगो, ते दे इकडं."

"हे जवळ ठेवायलाही परवाना लागतो. आपण दोघं जाऊन पोलीस ठाण्यात देऊ. त्या माणसाला आत्ता फोन कर."

"आणि मी काय करू मग?"

"काठ रंगव. तुझ्यासारखा कुणाला जमत नाही." तिने पर्सची चेन ओढली. "मी कंपनी सोडतेय, नितेश. कारखाना आता मी चालवणार."