आकर्षक वेतनाची चार ओळींची बाई

मी चार ओळींची जाहिरात. एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर, केशतेल आणि हरवलेला बैल यांच्या मधे १९५८ साली माझा जन्म झाला. माझा मजकूर असा: 'वेंगुर्ले येथील खाजगी प्रसूतिगृहास सेवाभावी परिचारिका पाहिजे. वेतन आकर्षक, योग्यतेनुसार. राहण्याची उत्तम सोय. त्वरित भेटा.'

एवढ्याशा शब्दांत केवढी ताकद असते, ते मला तोंडवली गावात कळलं. तिथल्या मराठी शाळेतल्या जयराम मास्तरांनी मला कात्रीने कापून घेतलं. त्यांची मुलगी मथुरा नर्सिंग शिकून नुकतीच परतली होती. दोडामार्गच्या सरकारी दवाखान्यात तिला जागा मिळत होती, पण तिथला पगार ठरलेला, म्हणजे अनाकर्षक.

"बाबा, हेच्यात पगार कितको ता खंय आसा?" मथुराने विचारलं.

"आकर्षक लिवलेला आसा मगे. छापलेला काय खोटा असता?"

आयुष्यभर छापील पुस्तकं शिकवलेल्या माणसाचा छापील अक्षरावर असा विश्वास! मी थरारले. माझ्या भरवशावर एका मुलीने सरकारी नोकरी नाकारली आणि ट्रंक उचलली. मी तिच्या पाकिटात होते.

राहण्याची उत्तम सोय म्हणजे बाळंतिणींच्या खोलीमागची पडवी. तिथे आनंदीबाई नावाची जुनी परिचारिका आधीच राहत होती. कामात बाळंतपणं होती, तशीच चादरी धुणं आणि डॉक्टरांच्या मुलांना आंघोळ घालणंही होतं. पहिल्या तारखेला डॉक्टर दोघींना बंद पाकिटं देत आणि बजावत, एकमेकींना दाखवू नका, उगाच मनं दुखावतात. मथुराचं पाकीट कधी जाड, कधी पातळ. तिने विचारलं तर म्हणाले, "योग्यता पाहतोय अजून. सेवेत आकडे नसतात, मथुराबाई." बाळंतिणीच्या माणसांकडून मात्र ते आकडा आगाऊ घेत.

घरून मास्तर विचारत, पगार किती ठरला? मथुरा उत्तर टाळायची. ठरलेलंच काही नव्हतं, आणि न ठरलेल्या पगारावर सोडलेली नोकरी तिला रात्रंदिवस टोचत होती.

प्रसूतिगृहाच्या वर्धापनदिनी डॉक्टरांनी पूजा केली. आपल्याकडे अशा वेळी गाऱ्हाणं घालतात: एक जाणता देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला होकार देतात. कोणाला काही मागायचं असेल तर त्याच्या कानात सांगायचं. नाही म्हणायची रीत नाही.

महादू गुरवांनी आवाज लावला. येणाऱ्या बायका सुखरूप सुटू देत, डॉक्टरांना यश येऊ दे. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

तेव्हा मथुरा पुढे झाली. तिने मला महादूंच्या हातात दिलं आणि कानात दोन शब्द सांगितले. महादूंनी डोळे बारीक करून मला वाचलं, आणि त्याच सुरात म्हणाले, "बा देवा म्हाराजा, हय वेतन आकर्षक असा छापलेला आसा. ता कितक्या, ता डॉक्टरांच्या तोंडातसून आज येवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सारी गर्दी सवयीने म्हणाली. आणि मग डॉक्टरांकडे वळली, कारण आपण काय म्हणालो ते तिला कळलं होतं.

मी हजार प्रतींत छापली गेले होते, पण असा आवाज माझा कधीच नव्हता. डॉक्टरांनी देवाकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि एक आकडा उच्चारला.

मागून आनंदीबाई अगदी हळू म्हणाली, "माका धा वर्सांनी ह्याच्या अर्धे गावतत."

महादूंनी नारळ खाली ठेवलाच नाही. "ह्या माउलीचाय तितक्याच होवंदे रे म्हाराजा."

या वेळचा होकार सवयीचा नव्हता. डॉक्टरांनाही तो द्यावा लागला.

मथुरा तरीही राहिली नाही. दोडामार्गची जागा पुन्हा निघाली तेव्हा ती गेली, आनंदीबाईचं पाकीट दोन महिने उघडून, तोच आकडा आहे ना ते पाहिल्यावरच. आज मी तिच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटलेली आहे. नव्या शिकाऊ मुली आल्या की ती मला दाखवते. मुलींनो, माझ्या बहिणी अजून रोज छापल्या जातात. त्यांना वाचा, पण विचारायला लाजू नका.

'आकर्षक' हा शब्द मथुराने पेन्सिलीने खोडलाय आणि वर तो आकडा लिहिलाय. दिसायला अगदीच साधा आहे. पण चार ओळींत खरं तेवढंच आहे.