रान रेआलचं, गिरमिट फर्नांदचं

मित्रांनो, मी एक जुनं गिरमिट आहे. लाकडाला भोक पाडायचं हत्यार. सध्या मी एका जेवणघराच्या भिंतीवर लटकतोय. अंगावर दोन हात वॉर्निश चढवलंय आणि खाली पितळेची पाटी ठोकलीय. पाटीवर काय लिहिलंय ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तुम्हाला ते खरंच वाटेल.

माझा जन्म केबेक प्रांतातल्या बोसच्या टेकड्यांत, एका लोहाराच्या भट्टीत झाला. त्याने माझ्या पात्याला पीळ दिला, टोकाला धार लावली, मधला वाकडा दांडा जोडला आणि मला आदेलार बिलोदोच्या हवाली केलं. वरचा छातीला टेकवायचा लट्टू मात्र आदेलारने स्वतः कोरला. तोही मेपलचाच, त्याच्या रानात वाऱ्याने पडलेल्या फांदीचा. म्हणजे ज्या झाडांना मी जन्मभर भोकं पाडली, त्यांचंच लाकूड माझ्या डोक्यावर आहे. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. पुढे नाही वाटला.

हिवाळा सरत आला, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन असं सुरू झालं, की मेपलच्या झाडात गोड रस चढतो. तेव्हा तो रस आटवून पाक करायचं आमचं गुऱ्हाळ लागायचं. आदेलार पायात बर्फावरचे जाळीदार जोडे चढवून रानात निघायचा. झाडापाशी गेला की मला हात लावायच्या आधी झाडाला हात लावायचा. गेल्या वर्षीच्या भोकाचा वण चाचपायचा, त्यावर पंजा ठेवायचा आणि पंजाच्या पलीकडे, जरा तिरकं, नवं भोक पाडायचा. वणाच्या सरळ वर नाही की खाली नाही, कारण तिथलं लाकूड मेलेलं असतं. बारक्या झाडाला तर हातच लावायचा नाही. मग भोकात तोटी बसायची, तोटीला बादली लटकायची आणि टपटप रस सुरू व्हायचा. झाडाला कळ्या फुगायला लागल्या की तो एकूण एक तोटी उपटून काढायचा. पाहुण्याने उठायचं कधी ते पाहुण्याला कळलं पाहिजे, असं म्हणायचा. दोन उन्हाळ्यांत भोक बुजून जायचं.

माझ्या तोंडात काय यायचं ते सांगतो. जिवंत लाकडाचा भुसा सायीच्या रंगाचा असतो, ओलसर, गोडूस वासाचा. मेलेल्या लाकडाचा तपकिरी असतो. एवढंच मला कळतं. पण झाडाच्या आत काय चाललंय ते सगळ्यांच्या आधी मला कळतं.

आदेलारला दोन मुलं. थोरली फर्नांद, धाकटा रेआल. रेआलला गुऱ्हाळातली गर्दी आवडायची, काहिलीखालचा जाळ, शेजाऱ्यांच्या गप्पा, बर्फावर ओतलेला गरम पाक. फर्नांदला रान आवडायचं. मला छातीला टेकवून ती दांडा फिरवायची तेव्हा मी कधी अडखळलो नाही. खोटं कशाला सांगू, आदेलारपेक्षा तिचा हात हलका होता.

ओढ्याच्या वळणावर एक प्रचंड मेपल होता. सगळे त्याला म्हातारी म्हणायचे. मुलांची आई दरवर्षी ईस्टरच्या पहाटे, सूर्य उगवायच्या आत, तिथूनच ओढ्याचं वाहतं पाणी भरून आणायची. ते पाणी वर्षभर कपाटात राहायचं, आजारपणाला, वादळाला उपयोगी पडायचं. भरून झालं की आई एक ओंजळ म्हातारीच्या मुळाशी घालायची. मुलं मोठी व्हायच्या आतच आई गेली. मग ओंजळ फर्नांद घालू लागली. म्हातारीच्या बादलीतला रस ती वेगळ्या पातेल्यात आटवायची. त्या पाकाला आईच्या हाताची चव येते म्हणायची.

आदेलार अंथरुणाला खिळला तेव्हा त्याने दोघांना जवळ बोलावलं आणि पाद्र्यादेखत सांगितलं, "रान रेआलचं, गिरमिट फर्नांदचं."

गावाला हसायला विषयच मिळाला. पोराला ताट दिलं आणि पोरीला चमचा, असं म्हणायचे. पण आदेलारचं गणित वेगळं होतं. झाडाला भोक कुठे पाडायचं ते गिरमिट धरणारा ठरवतो. मालक रेआल असला तरी फर्नांदला विचारल्याशिवाय त्याला एक थेंब मिळणार नव्हता. बिचाऱ्याच्या डोक्यात एवढंच आलं नाही, की गिरमिटं दुकानात विकत मिळतात.

काही वर्षं बरी गेली. मग एका वसंतात रेआलने तालुक्याहून एक बाटली आणली. बाटलीत पांढऱ्या गोळ्या. भोक पाडायचं, आत गोळी टाकायची, मग तोटी ठोकायची. गोळीमुळे भोक सुकत नाही आणि हंगाम संपेपर्यंत रस थांबत नाही. सगळा मुलूख त्या गोळ्यांमागे वेडा झाला होता, रेआल एकटा नव्हता. त्याची बाजू घेऊन मी एवढंच बोलेन.

"झाडाला बरं वाटत नव्हतं का, गोळी द्यायला?" फर्नांदने विचारलं.

"अगं, उलट ठणठणीत होईल. बघ तर खरं."

आणि खरंच, त्या वर्षी बादल्या भरभरून वाहिल्या. शेजारी येऊन रेआलची पाठ थोपटून गेले. दोन उन्हाळे गेल्यावर मात्र फर्नांद एका झाडापाशी थांबली, जुन्या भोकात बोट घातलं, आणि बोट सरळ आत गेलं. भोक बुजलंच नव्हतं. दुसऱ्या झाडाचं तेच, तिसऱ्याचं तेच. मित्रांनो, त्या गोळीची सगळी करामत इतकीच होती. ती झाडाची जखम भरू द्यायची नाही.

त्या संध्याकाळी ती रेआलला म्हणाली, "झाडाला कळतं कधी थांबायचं ते. तू त्याला थांबूच देत नाहीस."

रेआल हसला. "लग्न केलं असतंस ना, तर झाडांना लेकरं म्हणायची वेळ आली नसती तुझ्यावर."

हे तो काहिलीपाशी, चार माणसांत बोलला. फर्नांदने मान खाली घातली आणि पाकावरची मळी काढत राहिली. माणसं गेल्यावर तिने त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. बाकी रान तुझं आहे, तुला वाटेल ते कर, पण म्हातारीला गोळी घालायची नाही. रेआलला बहुधा मघाच्या बोलण्याचं वाईट वाटत होतं. त्याने कपाटातून ईस्टरच्या पाण्याची बाटली काढली, बोट बुडवून कपाळाला लावलं आणि वचन दिलं. मी तिच्या कमरेला होतो. मी ऐकलं.

पुढे बादल्या गेल्या आणि नळ्या आल्या. झाडाला झाड नळीने जोडलं आणि उताराच्या तळाशी रस ओढायचं यंत्र बसवलं. भोकं पाडायला पेट्रोलवर चालणारं गिरमिट आलं. नुसती घरघर! ते आपलं एका दमात आरपार, वण बघत नाही की पंजा ठेवत नाही. फर्नांदच्या वाट्याला नळ्यांची देखभाल आली. ती दिवसभर रेषांच्या कडेने बर्फ तुडवायची. खारींनी नळी कुरतडली की बारीक सुस्कारा ऐकू येतो. तो ऐकत जायचं, सापडला की तेवढा तुकडा कापून नवा जोडायचा. फांदी पडली तर उचलायची, नळी सैल पडली तर ताणायची. तेही ती मन लावून करायची. आणि दरवर्षी एक दिवस मला घेऊन म्हातारीकडे जायची. एक भोक, एक बादली. भुसा सायीच्या रंगाचा. बाकी वर्षभर मी खिळ्यावर.

मग आत्या जिन्यावरून पडली आणि फर्नांदला तिच्याकडे खाणगावात जाऊन राहावं लागलं. तीन वसंत ती आली नाही. जाताना रेआलला पुन्हा म्हातारीची आठवण करून दिली. तो म्हणाला, वचन दिलंय ना, जा निवांत.

तिच्या माघारी पहिल्याच हंगामात काय झालं ते मी खिळ्यावरून ऐकलं. ओविला नावाचा गडी म्हणाला, मालक, नळी तर म्हातारीच्या अंगावरूनच चाललीय, तिला सोडायचं कशाला? रेआल म्हणाला, "ओढ्याच्या बाजूने भोक पाड. पायवाटेवरून दिसणार नाही."

माझ्या तोंडाला धार आहे, पण जीभ नाही. इतकी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती आणि ती घेऊन मी नुसता लटकत राहिलो.

आत्या वारली आणि चौथ्या वसंतात फर्नांद परतली. सामान खाली ठेवायच्या आधी तिने मला खिळ्यावरून काढलं. म्हातारीपाशी गेली, वण चाचपला, पंजा ठेवला आणि दांडा फिरवला. भुसा तपकिरी आला. तिला वाटलं आपली जागा चुकली. तिने दुसरीकडे पाडलं. तपकिरी. तिसऱ्यांदा तर ओला, काळपट, आंबूस वासाचा लगदा माझ्या पिळातून बाहेर आला. ती कमरेएवढ्या बर्फातून झाडाला वळसा घालून ओढ्याच्या बाजूला गेली. तिथे भोकंच भोकं. एकही बुजलेलं नाही. तिने मला एका भोकाशी लावलं. मी आत जाईना. दुसऱ्याला लावलं, तरी जाईना. सगळी माझ्या पात्यापेक्षा बारीक होती. यंत्राची होती.

ती रडली नाही. पडलेला भुसा गोळा करून तिने एप्रनच्या खिशात भरला आणि गुऱ्हाळाकडे निघाली.

त्या दिवशी गुऱ्हाळात पाव्हणेरावळे जमले होते. लाकडी पन्हाळीत स्वच्छ बर्फ थापून ठेवला होता. आता त्यावर गरम पाक ओतायचा, गोठला की काडीला गुंडाळून खायचा. काड्या हातात घेऊन सगळे वाट बघत होते. फर्नांदने खिसा उलटा करून तो भुसा बर्फावर पसरला. पांढऱ्यावर तपकिरी.

"म्हातारीच्या पोटातला आहे," ती म्हणाली.

रेआल चिडला नाही. मला वाटतं, चिडला असता तर बरं झालं असतं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "एक झाड गं, फर्नांद. एवढ्या मोठ्या रानातलं एक झाड."

"वचन एकाच झाडाचं दिलं होतंस."

ओविला बूट न्याहाळत बसला. मग रेआलने बायकोला खूण केली. तिने पन्हाळ बाहेर नेऊन झटकली आणि ताजा बर्फ भरून आणली. पाक ओतला गेला. आधी एकाने काडी पुढे केली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. छान जमलाय म्हणाले.

फर्नांदने मला रेआलच्या ताटाशेजारी ठेवलं. "रान तुझं होतंच. आता गिरमिटही तुझंच घे," म्हणाली आणि गेली. त्यानंतर तिने मला कधी हातात घेतलं नाही.

काही वर्षांनी सरकारनेच गोळ्या बंद केल्या. झाडं आतून कुजतात असं जाहीर झालं. रेआल सगळ्यांना सांगू लागला, आम्हाला काय माहीत, आम्हाला कोणी सांगितलंच नाही. मी भिंतीवरून ऐकत होतो. एका शरद ऋतूत, पानं लालभडक झालेली असताना, वारा सुटला आणि म्हातारी मोडली. मुळातून उपटली नाही. छातीच्या उंचीवर, भोकांच्या ओळीवरच मोडली. आत कोपरापर्यंत हात जाईल एवढी काळी पोकळी होती. रेआलने तिचे ओंडके फोडून काहिलीखाली घातले. तिच्या जाळावर त्याने बाकीच्या झाडांचा रस आटवला.

आता गुऱ्हाळाचं मोठं जेवणघर झालंय. शहरातून बसगाड्या भरून माणसं येतात, वाटाण्याचं सार पितात, पाकात मुरवलेली अंडी खातात, माझ्याखाली उभं राहून फोटो काढतात. रेआलही गेला. त्याचा नातू पाहुण्यांना माहिती सांगतो.

मागच्या हंगामात एक म्हातारी बाई काठी टेकत एकटीच आली. नातवाने तिला ओळखलं नाही, ओळखणार कसा, घरात तिचा फोटो नाही. तो अदबीने म्हणाला, "आजी, हे आमच्या आजोबांचं गिरमिट. यानेच त्यांनी हे रान जपलं."

"कुणाचं म्हणालास?"

"रेआल आजोबांचं."

ती माझ्या जवळ सरकली. माझ्या पात्याच्या पिळात, वॉर्निशच्या खाली, त्या दिवसाचा तपकिरी भुसा अजून अडकलेला आहे. कोणाला दिसत नाही, तिला दिसला. तिने हात वर करून नखाने खरवडून बघितलं. निघाला नाही.

"हात नका लावू हं आजी, वॉर्निश खराब होतं," नातू म्हणाला.

"बरं," फर्नांद म्हणाली. तिने सार संपवलं. पाकाच्या चंबूला हात लावला नाही. मग काठी घेऊन बसकडे गेली.

पाटीवर लिहिलंय, 'झाडांवर पोटच्या लेकरांसारखी माया करणारे रेआल बिलोदो यांचं गिरमिट.'

मित्रांनो, गोष्टीच्या शेवटी आम्हा वस्तूंनी म्हणायचं असतं, की बाबांनो, आमची नीट काळजी घ्या. माझी फार छान घेतात. दर वसंतात मला पुसतात, गंज चढू देत नाहीत, लहान मुलांना हात लावू देत नाहीत. माझी नका घेऊ. तुम्ही ज्याला भोक पाडता, त्याची घ्या.